जुन्या मनोरुग्णालयातली घोस्ट टूर: रात्रभर थांबायचं तर काय तयारी लागते? (एका चर्चेतले प्रश्न आणि उत्तरं; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कंदील

सहा जणांचा गट आहे. बंद पडलेल्या, झपाटलेलं म्हणून नाव झालेल्या जुन्या मनोरुग्णालयात रीतसर तिकीट काढून घोस्ट टूर करायची आहे. जमलं तर दीड-दोन तासांची फेरी नको, पूर्ण रात्र हवी. ठिकाण पक्कं नाही. अमेरिकेतलं वेस्टन (ट्रान्स-अ‍ॅलेगेनी) आणि ऑस्ट्रेलियातली बीचवर्थ व अ‍ॅरारट ही नावं समोर आहेत.

जाणकारांना विचारायचंय ते असं. बुकिंग करताना आयोजकाला काय विचारून घ्यावं? के-टू मीटर (चुंबकीय क्षेत्र दाखवणारं यंत्र), स्पिरिट बॉक्स (केंद्रं बदलत राहणारा रेडिओ), रेकॉर्डर यातलं काय न्यावं आणि त्यांची रीडिंग कुठे फसवतात? गटातल्या एकीला दमा आहे, जुन्या धुळीचं काय करायचं? आणि ज्या जागेत माणसांनी खरोखर हाल सोसले तिथे वागावं कसं? शेवटचा प्रश्न आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, तेव्हा त्यावर स्पष्ट लिहा.

रातवा

'घोस्ट टूर' या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि लोकांचा हिरमोड होतो तो इथेच. एक, दिवसाची इतिहास-फेरी. दोन, रात्रीची कथा-फेरी: मार्गदर्शक पुढे, पंधरा-वीस माणसं मागे, थांबून ऐकायला सवड नाही. तीन, 'इन्व्हेस्टिगेशन': एखादा मजला किंवा इमारतीचा एक भाग काही तास तुमच्या ताब्यात, मार्गदर्शक फक्त सोबतीला. चार, ऑक्टोबरमधला भीतीचा खेळ: रंगवलेले नट अंगावर येतात, धुराची यंत्रं, कर्कश आवाज. तुम्हाला हवं आहे ते तिसरं. जाहिरातीत चारहींचे फोटो सारखेच दिसतात, म्हणून तिकिटावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. पेनसिल्व्हेनियातल्या पेनहर्स्टला तर भीतीचा खेळ आणि रात्रीचं इन्व्हेस्टिगेशन एकाच आवारात होतं. (ते मनोरुग्णालय नव्हतंच. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांची निवासी संस्था होती, १९०८ ते १९८७. यादीत हे दोन्ही प्रकार सर्रास एकत्र टाकलेले असतात.)

आयोजकाला विचारायच्या गोष्टींत पहिली ही: त्या रात्री त्याच इमारतीत आणखी किती गट असतील आणि कोण कोणत्या वेळी कोणत्या मजल्यावर असेल? याचं लेखी वेळापत्रक मागा. वरच्या मजल्यावर दुसरा गट फिरत असेल तर 'पावलांचा आवाज' हमखास ऐकू येणार आणि नंतर तो कुणाचा हे कधीच ठरणार नाही. पहारेकऱ्याच्या फेऱ्यांची वेळही विचारा. इमारतीच्या कुठल्या भागात वीज चालू आहे, हा दुसरा प्रश्न. पुष्कळ ठिकाणी आगीच्या सूचनेची यंत्रणा, कॅमेरे आणि तळमजल्यावरचं दुकान यांच्यासाठी थोडी वायरिंग जिवंत असते आणि के-टूला तेवढी पुरते. तिसरा, कुठले भाग बंद आहेत आणि कशामुळे. छत खचलंय, लिफ्टची विहीर उघडी आहे, अ‍ॅस्बेस्टॉस आहे, असं नेमकं उत्तर देणारा आयोजक इमारत ओळखतो. 'तिकडे फार शक्तिशाली काहीतरी आहे' एवढंच म्हणणाऱ्याकडे बुकिंग करू नका. याखेरीज स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर, मोबाइलला रेंज आहे का, नसेल तर वॉकीटॉकी देतात का, मध्येच बाहेर पडलं तर परत घेतात का, वयाची अट काय, हेही विचारा. दायित्वमुक्तीच्या कागदावर सही घेतली जाते. तो आधी मागवून घरी वाचा, दारात रांगेत उभं राहून नको.

त्याच दिवशी उजेडात इतिहास-फेरी करा, हे मी सर्वांत वर ठेवीन. खिळखिळी तावदानं, कबुतरांनी केलेली भोकं, आपोआप मिटणारी दारं, जिन्याची झिजलेली पायरी, हे सगळं दिवसा वहीत टिपून कच्चा नकाशा काढला की रात्रीचे निम्मे आवाज ओळखीचे होतात.

आणि कुंपणावरून उडी मारून जायच्या जागा यादीत घेऊच नका. वेल्समधलं डेन्बीचं रुग्णालय १९९५ मध्ये बंद झालं, २००८ मध्ये मुख्य इमारतीला आग लागली. अशा वास्तूत तुळई कुठे जळून पोकळ झालीय हे वरून दिसत नाही.

ओळंबा

रातव्याने 'इमारत ओळखणारा' म्हटलं, तोच धागा पुढे नेतो. या रुग्णालयांची बांधणी समजली की तिथे ऐकू येणाऱ्या गोष्टींचा मोठा भाग समजतो.

अमेरिकेतली एकोणिसाव्या शतकातली बरीच मनोरुग्णालयं 'कर्कब्राइड आराखड्या'ची आहेत. फिलाडेल्फियाचे डॉ. थॉमस स्टोरी कर्कब्राइड यांनी १८५४ मध्ये पुस्तकरूपाने तो मांडला. मधोमध प्रशासनाची इमारत, दोन्ही बाजूंना वॉर्डांच्या शाखा, आणि प्रत्येक शाखा आधीच्या शाखेपेक्षा एक पाऊल मागे. वरून पाहिलं तर पक्ष्यांचा थवा उडताना दिसतो तशी रचना. हेतू चांगला होता: प्रत्येक वॉर्डला दोन्ही टोकांनी उजेड आणि वारा मिळावा. रुग्ण जास्तीत जास्त २५० असावेत, छत किमान १२ फूट उंच असावं, असा त्यांचा आग्रह होता.

आवाजासाठी महत्त्वाची आहे ती हवेची सोय. तळघरात वाफेच्या नळ्यांवरून हवा तापवायची, ती भिंतींच्या आत ठेवलेल्या उभ्या पोकळ्यांतून प्रत्येक खोलीत सोडायची, आणि खराब हवा तशाच दुसऱ्या पोकळ्यांतून पोटमाळ्याकडे न्यायची. इमारत बंद पडली तरी या पोकळ्या बहुधा तशाच असतात. तळघरात कुणी कुजबुजलं तर तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत भिंतीतून आवाज येतो, शब्द कळत नाहीत, पण माणसाचा आवाज आहे एवढं कळतं. सूर्य मावळल्यावर बाहेरची हवा गार होते, आत दगडात दिवसाची ऊब असते, त्यामुळे याच पोकळ्यांतून हवा वर ओढली जाते. 'बंद खोलीत गार झुळूक' येते ती इथून. दिवसा प्रत्येक खोलीत छताजवळ आणि जमिनीजवळ जाळी किंवा चौकोनी भोक शोधा. अगरबत्ती, मेणबत्ती, ज्वाला मुळीच नको. टिशू पेपरची बोटभर पट्टी भोकापाशी धरली की वारा कुठून कुठे जातोय ते दिसतं.

वेस्टनची मुख्य इमारत साधारण पाव मैल लांब आहे, म्हणजे ४०० मीटर. हाताने घडवलेल्या दगडाची. १८५८ मध्ये काम सुरू झालं, यादवी युद्धामुळे अडलं, १८६४ मध्ये पहिले रुग्ण आले, बांधकाम १८८१ पर्यंत चाललं. जाड दगडी भिंती, गुळगुळीत गिलावा, लाकडी जमीन, सामान नाही, पडदे नाहीत. आवाज शोषून घेणारं काहीच नसल्यामुळे वॉर्डच्या एका टोकाला पडलेली किल्ली दुसऱ्या टोकाला जवळ पडल्यासारखी वाटते. शिवाय लाकूड, दगड आणि लोखंडी खिडक्या रात्री वेगवेगळ्या गतीने आकसतात. सूर्यास्तानंतरचे पहिले तीन-चार तास टकटक, करकर सर्वांत जास्त असते, पुढे मंदावते. बहुतेक सहली नेमक्या याच तासांत असतात.

ऑस्ट्रेलियातल्या दोन्ही ठिकाणी (अ‍ॅरारट आणि बीचवर्थ दोन्ही १८६७ मध्ये सुरू झाली) एक गोष्ट आवर्जून पाहा: आवाराभोवतीची 'हा-हा' भिंत. भिंतीच्या आतल्या बाजूला उताराचा खंदक खणलेला असतो. आतून, अंगणात उभं राहिलं तर भिंत कमरेएवढी दिसते आणि पलीकडचं रान मोकळं दिसतं. खंदकात उतरून वर पाहिलं तर ती पुरुषभर उंचीहून जास्त असते. कोंडल्यासारखं दिसू नये आणि पळताही येऊ नये, यासाठी. त्या संस्थांचा सगळा स्वभाव या एका भिंतीत आहे. अंधारात तिच्या कडेने चालू नका.

डेसिबल

उपकरणांबद्दल. प्रत्येक यंत्र *काय मोजतं* हे आधी पक्कं करा.

*के-टू मीटर.* बदलतं चुंबकीय क्षेत्र मोजतो, तेही एकाच दिशेतलं, म्हणून नुसता मनगटात फिरवला तरी आकडा बदलतो. पाच दिवे आहेत, पण ते समान अंतराचे नाहीत: दुसरा दिवा साधारण १.५ मिलिगॉसला (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) लागतो आणि पाचवा २० च्या पुढे. मोबाइल, वॉकीटॉकी, कॅमेऱ्याची मोटर सगळ्यांना तो उत्तर देतो. जुन्या नमुन्यात बटण दाबून धरावं लागतं आणि अंगठ्याचा दाब हलला की दिवे लुकलुकतात. वापरायचा तर सपाट जागी ठेवा, हात लावू नका, सगळ्यांचे फोन बंद (विमान-मोड नव्हे, बंद), आणि प्रश्न विचारण्याआधी दहा मिनिटं नुसतं पाहा. त्या दहा मिनिटांत तो आपणहून किती वेळा पेटतो ती संख्या नसेल तर पुढच्या 'उत्तरां'ना अर्थ नाही.

*इन्फ्रारेड थर्मामीटर.* यावर गैरसमज फार. हा हवेचं तापमान मोजतच नाही, समोरच्या पृष्ठभागाचं मोजतो. खोलीच्या मध्यावर रोखला तरी आकडा येतो पलीकडच्या भिंतीचा. १२:१ प्रकारचा असेल तर ३.६ मीटरवरून तो ३० सेंटिमीटर व्यासाच्या ठिपक्याची सरासरी दाखवतो. त्या ठिपक्यात खिडकीची काच किंवा चकचकीत धातू आला की आकडा भलताच येतो. 'कोल्ड स्पॉट' तपासायचा तर दोन साधे डिजिटल थर्मामीटर घ्या, नोंद ठेवणारे, एक संशयाच्या जागी आणि एक त्याच खोलीत तीन मीटर लांब, दोन्ही जमिनीपासून सारख्या उंचीवर.

*स्पिरिट बॉक्स.* रेडिओच. फरक इतकाच की तो कुठल्याच केंद्रावर थांबत नाही, साधारण १०० ते ३५० मिलिसेकंदांत पुढच्या वारंवारतेवर उडी मारतो. त्यामुळे शब्दांचे तुकडे मिळतात आणि कान ते जोडतो. परीक्षा घ्यायची असेल तर ऐकणाऱ्याला हेडफोन लावा, डोळ्यांवर पट्टी बांधा. प्रश्न आधी कागदावर लिहून क्रमांक घाला आणि विचारणाऱ्याने ते दुसऱ्या खोलीतून विचारावेत. ऐकणारा जे बोलेल ते तिसऱ्याने वेळेसह लिहावं. उत्तर कोणत्या प्रश्नाचं हे सगळं संपल्यावर घड्याळाने ठरवा. नंतर बसून 'हे त्या प्रश्नाला लागू पडतंय' असं जुळवायला घेतलं की काहीही कशालाही लागू पडतं.

*टॉर्चचा खेळ.* डोकं पिळून चालू होणारी जुन्या बल्बची टॉर्च अर्धवट सैल करून ठेवतात, मग ती 'विचारल्यावर' लागते-विझते. बल्ब तापला की आतले भाग प्रसरण पावतात, जोड सुटतो. गार झाला की जोड परत लागतो. विझल्याशिवाय गार होत नाही आणि लागल्याशिवाय तापत नाही, म्हणून हे ठेक्यात चालतं. प्रश्न न विचारता वीस मिनिटं तशीच ठेवून वेळा लिहा, ठेका दिसेल.

*सांगाड्याची आकृती दाखवणारा कॅमेरा.* मुळात खेळांसाठी बनवलेल्या किनेक्टचं तंत्र. अवरक्त ठिपके टाकून खोलीतली प्रत्येक गोष्ट किती लांब आहे ते मोजतं आणि त्यात माणसाचे सांधे शोधतं. समोर माणूस आहेच असं धरूनच ते शोधतं, म्हणून खुर्ची, नळ, दाराची चौकट यांवरही हातपाय काढून दाखवतं. त्यावर पैसे घालवू नका.

*मांजराच्या खेळण्याचे दिव्याचे चेंडू.* कंपनाने पेटतात. लाकडी जमिनीवर चार मीटरवर कुणी वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं तरी पुरे. ठेवायचे तर दगडी जमिनीवर.

*फोटो.* फ्लॅश लेन्सला चिकटून असेल तर लेन्सपुढच्या वीतभर अंतरातले धुळीचे कण उजळून निघतात आणि फोकसबाहेर असल्यामुळे गोल चकत्या दिसतात. थंडीत तोंडाची वाफ तशीच धुरकट येते. हल्ली जास्त फसवतो तो फोनचा रात्रीचा मोड: तो अनेक चौकटी एकावर एक जोडतो, मधल्या काळात कुणी हललं तर ते माणूस अर्धपारदर्शक उमटतं. 'मागे आकृती दिसते' अशा फोटोंत आधी तो मोड चालू होता का ते पाहा.

बॅटरी 'ओढून घेतली' अशी तक्रार नेहमीची. अल्कलाइन सेलची क्षमता थंडीत चांगलीच घटते आणि या इमारतींत हीटर नसतो. लिथियम सेल न्या, जादा जोड अंगाजवळच्या खिशात ठेवा.

शेवटचं, न ऐकू येणारा आवाज. व्हिक टॅंडी या ब्रिटिश अभियंत्याने १९९८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत दडपण वाटणं, डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसणं यांचा माग काढताना नव्या पंख्यामुळे सुमारे १९ हर्ट्झची स्थिर लहर तयार होत असल्याचं त्यांना आढळलं. सुमारे ९ मीटर लांबीच्या बंद खोलीचा पहिला अनुनाद नेमका १९ हर्ट्झच्या आसपास येतो (३४३ भागिले १८). अशी लहर सगळ्यांवर तोच परिणाम करते हे पक्कं झालेलं नाही, म्हणून याला 'उत्तर' समजू नका. पण जनरेटर किंवा मोठा पंखा चालू असेल तर दडपण आलेली वेळ आणि पंख्याची वेळ दोन्ही लिहून ठेवा.

प्राजक्त

दम्याबद्दल आणि एकूण धुळीबद्दल.

जुन्या रंगाचे पापुद्रे जमिनीवर पडलेले असतात ते शिशाचे समजा. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या इमारतीत तो नसेलच असं कुणी सांगू शकत नाही. शिसं श्वासातून जातं त्याहून जास्त हातातून तोंडात जातं. म्हणून आत काही खायचं नाही, ओठाला हात लावायचा नाही, बाहेर आल्यावर साबण-पाण्याने हात धुतल्याशिवाय पाण्याची बाटलीही उघडायची नाही. हातांवरचं सॅनिटायझर जंतू मारतं, शिसं काढत नाही. गरोदर बाई आणि लहान मुलं, दोघांनाही अशा जागी नेऊ नका.

अ‍ॅस्बेस्टॉस बहुधा वाफेच्या नळ्यांवरच्या पांढुरक्या वेष्टनात आणि जुन्या फरश्यांत असतं. न डिवचलं तर धोका कमी. म्हणून तळघरात नळ्यांना टेकायचं नाही, फुटक्या फरश्या पायाने सरकवायच्या नाहीत. वेष्टन लोंबत असेल तर त्या खोलीत जाऊच नका, मार्गदर्शक जा म्हणाला तरी. एन-९५ धुळीला आणि बुरशीला चांगला, अ‍ॅस्बेस्टॉसला पी-१०० फिल्टरचा अर्धमुखवटा लागतो. दोन्ही चेहऱ्याला घट्ट बसले तरच कामाचे, दाढीवर बसत नाहीत. कापडी आणि सर्जिकल मास्क इथे उपयोगाचे नाहीत. कबुतरांची आणि वटवाघळांची वाळलेली विष्ठा पायाखाली चुरली की हिस्टोप्लाझ्मोसिससारखा बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, पोटमाळ्यावर हे जास्त.

तुमच्या मैत्रिणीने आधी तिच्या डॉक्टरांना 'बुरशी आणि धूळ असलेल्या बंद इमारतीत आठ तास' असं स्पष्ट सांगून विचारावं. इनहेलर पिशवीत नको, जॅकेटच्या खिशात हवा, आणि दुसरा गटातल्या आणखी एकाकडे. तिचा खिसा कोणता हे सहाही जणांना माहीत हवं, कारण अंधारात शोधाशोध करण्यात वेळ जातो. धुराची यंत्रं असलेला कार्यक्रम तिच्यासाठी टाळाच. श्वास भरला तर 'थोडं थांबून बघू' नको, सरळ बाहेरच्या हवेत न्या.

घोट्यापर्यंतचे, जाड तळाचे बूट. डोक्यावरची टॉर्च लाल उजेडाची, शिवाय हातातली एक. परतल्यावर बूट दाराबाहेर, कपडे वेगळे धुवायला.

आणखी एक वस्तू, जी फारसं कुणी नेत नाही: कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्म. रात्रीच्या थंडीत कुठे गॅसचा हीटर लावलेला असतो, कुठे खिडकीखाली जनरेटर. डोकं दुखणं, मळमळ, छातीवर दाब, कुणी असल्याचा भास, ही या वायूची लक्षणं आहेत. १९२१ मध्ये डॉ. विल्यम विल्मर यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकिगत छापली: घरात पावलं वाजायची, माणसं दिसायची, आणि कारण निघालं बिघडलेली भट्टी. दोघांना एकाच वेळी 'जड' वाटायला लागलं तर आधी बाहेर या, मग चर्चा.

कंदील

फारच उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. कार्यक्रमात 'आरशासमोर बसणे' आणि 'एकट्याने कोठडीत दहा मिनिटं' असं आहे, ते करावं का? आणि वेस्टनची एक यादी सगळीकडे फिरते, 'कादंबऱ्या वाचल्या म्हणून भरती केलं' वगैरे. ती खरी का?

पानगळ

यादी खरी, तिचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. १८६४ ते १८८९ या काळातल्या भरतीच्या नोंदींतून ती काढलेली आहे आणि त्यात कादंबरी-वाचन, शोक, घरगुती त्रास, धर्माचा अतिउत्साह, घोड्यावरून पडणं असं खरोखरच आहे. पण तो रकाना 'आजाराचं समजलं गेलेलं कारण' असा होता, निदानाचा नव्हे. आणणाऱ्या नातेवाइकाने किंवा गावच्या डॉक्टरने जे सांगितलं ते कारकुनाने लिहिलं. शोक लिहिलंय तिथे कदाचित खोल औदासीन्य असेल, घोड्यावरून पडणं म्हणजे मेंदूला मार असेल. आणि काही ठिकाणी नको झालेली बायको आणून सोडलेली असेल, हेही तितकंच शक्य आहे. यादीवर हसणाऱ्या मार्गदर्शकाला हा फरक विचारा.

वेस्टनमध्ये २५० जणांची सोय होती. १९५० च्या दशकात तिथे सुमारे २,४०० माणसं होती. एकेकाच्या खोलीत किती खाटा लागल्या असतील त्याचा हिशेब करा, त्या खोलीत उभं राहून करा. १९५२ मध्ये डॉ. वॉल्टर फ्रीमन यांनी वेस्टन ज्या राज्यात आहे त्या वेस्ट व्हर्जिनियातल्या रुग्णालयांत दोनेक आठवड्यांत २२८ लोबोटॉमी (मेंदूतले जोड तोडण्याच्या शस्त्रक्रिया) केल्या: डोळ्याच्या खोबणीतून दाभणासारखं हत्यार आत घालून. मनोविकारांवरची पहिली परिणामकारक औषधं अमेरिकेत १९५४ पासून मिळू लागली, मग गर्दी ओसरत गेली, आणि १९९४ मध्ये ते रुग्णालय बंद झालं. म्हणजे तिथे राहिलेली, तिथे नोकरी केलेली माणसं आजही त्या गावात आहेत. तुमच्या शेजारी फेरीत चालणाऱ्या बाईची आई तिथे असू शकते. तिथे मोठ्याने काय बोलायचं ते यावरून ठरवा.

'वेडे' म्हणू नका. रुग्ण म्हणा, माणसं म्हणा. कोठडीत बसून कुणाला 'समोर ये', 'मला हात लाव' असं डिवचणं काही गट करतात. ज्यांना आयुष्यभर हुकूम सोडले गेले त्यांच्या खोलीत बसून पुन्हा हुकूम सोडायचे, हे मला सहन होत नाही. काही विचारायचंच असेल तर नाव सांगा, परवानगी मागा, आणि उत्तर नाही आलं तर उठा. पट्ट्यांच्या खाटेवर झोपून, मनगटं बांधून फोटो काढू नका. काही ठिकाणी ती खाट खास त्यासाठी मांडलेली असते, तरी नको. भिंतीवरचा रंगाचा तुकडा, किल्ली, फाइलचं पान, काही उचलायचं नाही. जुन्या कागदावर रुग्णाचं नाव दिसलं तर त्याचा फोटो टाकू नका.

स्मशानभूमी आवारात असेल तर तिथे दिवसा जा. बऱ्याच ठिकाणी थडग्यांवर नाव नाही, फक्त क्रमांक आहे. जॉर्जियातल्या मिलेजव्हिलला तर क्रमांकाचे लोखंडी खुंटसुद्धा गवत कापायला सोपं जावं म्हणून उपटून टाकले गेले, आता कुठला माणूस कुठे आहे हे सांगता येत नाही. न्यूयॉर्क राज्यातलं विलर्ड मनोरुग्णालय १९९५ मध्ये बंद होताना पोटमाळ्यावर रुग्णांच्या सुमारे ४०० सुटकेस सापडल्या: भरती होताना आणलेल्या, नंतर कधीच न उघडलेल्या. अशा वस्तू आणि नोंदी जतन झाल्या आहेत त्या संग्रहालयांत, त्या आधी पाहून मग रात्री जा. तुमचं तिकीट इमारत टिकवायला जातं का, हेही विचारा. वेस्टनची इमारत २००७ मध्ये लिलावात १५ लाख डॉलरला गेली आणि सहलींच्या पैशावर छप्पर-खिडक्यांची दुरुस्ती चालते. मॅसॅच्युसेट्समधलं डॅन्व्हर्स मात्र २००६ मध्ये बहुतेक पाडलं गेलं, तिथे सदनिका झाल्या. घोस्ट टूर वाईटच असं म्हणूनच म्हणवत नाही.

आरसा आणि कोठडी याबद्दल. मंद उजेडात दहा मिनिटं आरशात एकटक पाहिलं की चेहरा बदललेला दिसतो, हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. जोव्हान्नी कापुतो या इटालियन मानसशास्त्रज्ञाने २०१० मध्ये ५० जणांवर हे करून पाहिलं. दोन-तृतीयांश लोकांना स्वतःचा चेहरा भयंकर विकृत दिसला आणि जवळपास निम्म्यांना विचित्र, राक्षसी आकृत्या दिसल्या. प्रयोग साध्या खोलीत होता. त्यामुळे आरशात काही दिसलं तर ते जागेबद्दल काही सांगत नाही. गटात कुणाला कधी भास, पॅनिकचे झटके, नुकताच मोठा धक्का असं काही असेल तर आरसा आणि एकट्याने कोठडी दोन्ही वगळा. त्याचं कारण सगळ्यांसमोर विचारू नका, 'आमचा गट हे करणार नाही' एवढं मार्गदर्शकाला आधीच कळवा. कोठडीत बसणाऱ्याचं दार कधीही बाहेरून लावायचं नाही. जुनी कुलपं अडकतात.

डेसिबल

रेकॉर्डरबद्दल लिहायचं राहिलं होतं. हातात धरू नका, बोटांचा आवाज येतो. घडी घातलेल्या टॉवेलवर जमिनीपासून वर ठेवा. डब्ल्यूएव्ही स्वरूप, ४४.१ किलोहर्ट्झ, आणि 'ऑटो गेन' बंद. तो चालू असला की शांततेत यंत्र आपणहून आवाज वाढवतं आणि खरखरीतून शब्द ऐकू येऊ लागतात. दोन रेकॉर्डर ठेवा, किमान तीन मीटर अंतरावर. सुरुवातीला एक टाळी वाजवा, दोन्ही ध्वनिमुद्रणं नंतर त्या टाळीवर जुळवता येतात. आवाज एकात जोरात आणि दुसऱ्यात क्षीण असेल तर कुठल्या बाजूने आला ते कळतं. फक्त एकातच असेल तर बहुधा त्या यंत्राजवळचं कापड किंवा पोट.

कुजबुजायचं नाही, एकदाही नाही. बोलायचं ते पूर्ण आवाजात. कुणी खोकलं, बूट घासला, पोट वाजलं तर त्याच क्षणी 'मी, खोकला' असं मोठ्याने म्हणायचं. हे पहिला अर्धा तास अवघडल्यासारखं होतं पण याशिवाय ध्वनिमुद्रण निरुपयोगी आहे. दोन प्रश्नांत वीस सेकंद शांतता. घरी ऐकताना 'आवाज स्वच्छ करणारं' सॉफ्टवेअर लावू नका, ते खरखरीला अक्षरांचा आकार देतं. तुकडा दुसऱ्याला ऐकवताना तुम्हाला काय ऐकू आलं ते सांगू नका. त्याला कागदावर लिहू द्या, मग पाने ताडून पाहा.

रातवा

सहा जणांची विभागणी सुचवतो: दोन-दोनच्या तीन जोड्या, कुणीही एकटं नाही. एक जोडी खोलीत, एक त्याच मजल्याच्या जिन्यापाशी (म्हणजे कोण आलं-गेलं ते कळतं), एक तळमजल्यावर विश्रांतीला. पाऊण तासाने बदल. सगळ्यांची घड्याळं आत शिरण्याआधी सेकंदापर्यंत जुळवा. प्रत्येक जोडीकडे वही: वेळ, जागा, काय झालं, त्या वेळी बाकीच्या दोन जोड्या कुठे होत्या. तिसरा रकाना अर्थ न लावता भरायचा, 'दार वाजलं' असं, 'कुणीतरी दार वाजवलं' असं नाही.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या टॉर्चच्या एका झोताने ते सगळं वाया जातं. म्हणून खोलीत आल्यावर पहिली वीस मिनिटं लाल उजेडात नुसतं बसा, यंत्रं नंतर काढा. लांबच्या एकाच बारीक दिव्याकडे टक लावू नका, अंधारात स्थिर ठिपकासुद्धा सरकताना दिसतो.

पहाटे गाडी चालवून परतायचं असेल तर चालक आधीच ठरवा आणि त्याची पाळी मध्यरात्रीला संपवून त्याला झोपू द्या. सहल संपायची वेळ आणि गाडी निघायची वेळ एकच ठेवू नका.